लकव्यानंतरचे तास, लकव्यानंतरचे महिने

गडचिरोली जिल्ह्यात ‘सर्च’ या संस्थेने ८६ गावांतल्या मृत्यूंची कारणे शोधली. डॉ. योगेश्वर काळकोंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती माहिती २०१५ साली ‘स्ट्रोक’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडली. मलेरिया, क्षय, सर्पदंश अशा आजारांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या भागात सगळ्यांत जास्त माणसे लकव्याने दगावत होती. १,५९९ मृत्यूंपैकी २२९, म्हणजे १४.३ टक्के.

त्या निबंधातले आणखी दोन आकडे याहून बोलके आहेत. लकव्याने गेलेल्यांपैकी ८७ टक्के माणसे घरीच गेली. आणि पहिल्या महिन्यात दगावलेल्यांचे प्रमाण होते ४६ टक्के. याचा अर्थ असा की निम्म्याहून जास्त माणसे लकव्याच्या झटक्यातून वाचली होती, महिनाभर किंवा त्याहून जास्त जगली होती आणि मग खाटेवर पडून गेली.

भंडारा जिल्हा गडचिरोलीला लागून आहे. लाखांदूरच्या थोडे पुढे गेले की वडसा लागते. तोच धानाचा पट्टा, तीच वैनगंगा, तीच झाडीपट्टीची बोली आणि पानठेल्यावर घोटला जाणारा तोच तंबाखू-सुपारीचा खर्रा. गडचिरोलीचे आकडे जसेच्या तसे भंडाऱ्याला लावता येणार नाहीत, पण गावोगावचे अनुभव वेगळे नाहीत. ‘लकवा मारला’, ‘अंगावरून वारं गेलं’ हे शब्द साकोलीतही ऐकू येतात आणि तुमसरलाही. त्यानंतर घरात दोन प्रश्न उभे राहतात. आत्ता कुठे न्यायचे? आणि आता हा माणूस पुन्हा उठेल का?

या दोन्ही प्रश्नांची बरीचशी उत्तरे मेंदूतल्या अशा पेशींच्या हातात असतात, ज्यांचे नाव फारसे कुणी ऐकलेले नसते. त्यांना ग्लिया पेशी म्हणतात.

लकवा दोन प्रकारे येतो. मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत गुठळी अडकते, किंवा रक्तदाबाने जर्जर झालेली वाहिनी फुटून मेंदूत रक्तस्राव होतो. गुठळीचे रुग्ण जास्त असतात, मात्र रक्तस्रावाचे प्रमाण आपल्याकडे पाश्चात्त्य देशांपेक्षा अधिक आढळते. मेंदूचे वजन शरीराच्या जेमतेम दोन टक्के, पण शरीराला मिळणाऱ्या प्राणवायूतला पाचवा हिस्सा तो एकटा वापरतो, आणि साठा मात्र जवळजवळ ठेवत नाही. अमेरिकेतले मेंदूविकारतज्ज्ञ जेफ्री सेव्हर यांनी २००६ साली हिशेब मांडला होता. मोठी वाहिनी बंद पडली, तर दर मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी मरतात. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते ते यामुळेच. मोठ्या वाहिनीतली गुठळी तारेने ओढून काढण्याची सोय आता आहे आणि निवडक रुग्णांत ती २४ तासांपर्यंत करता येते, पण ती मोठ्या शहरातच. भंडाऱ्याहून नागपूर साठ-पासष्ट किलोमीटर आहे, लाखांदूरहून शंभरेक. रात्री दोन वाजता पावसात गाडी शोधण्यापासून सुरुवात असेल, तर साडेचार तास फार नसतात.

इथपर्यंतची गोष्ट चेतापेशींची झाली. लकव्यावरचे बहुतेक संशोधनही वर्षानुवर्षे त्यांच्याभोवतीच फिरत राहिले. व्हिक्टोरिया ओ’कॉलिन्स आणि सहकाऱ्यांनी २००६ साली मोजदाद केली, तेव्हा लकव्यावर प्रयोगशाळांत तपासून पाहिलेले १,०२६ उपचार त्यांच्या हाती लागले. त्यांतल्या कितीतरी औषधांनी उंदरांच्या चेतापेशी वाचवल्या. माणसांवरच्या चाचण्यांत ती एकापाठोपाठ एक नापास झाली. या अपयशाची कारणे अनेक आहेत. त्यांतले एक असे की चेतापेशी एकट्या जगत नाहीत आणि एकट्या मरतही नाहीत, हे पुरेसे लक्षात घेतले गेले नव्हते.

ग्लिया पेशींची नोंद रुडॉल्फ फिर्को या जर्मन वैद्यकशास्त्रज्ञाने १८५० च्या दशकात केली. त्याला त्या चेतापेशींना जागच्या जागी धरून ठेवणारा भराव वाटल्या, आणि तो समज पुढे शंभर वर्षे टिकला. मेंदूत चेतापेशींच्या दहापट ग्लिया असतात, हे वाक्यही पाठ्यपुस्तकांत असेच चालत आले. ब्राझीलच्या सुझाना हर्कुलानो-हूझेल यांच्या गटाने २००९ साली माणसाच्या मेंदूतल्या पेशी प्रत्यक्ष मोजल्या, तर चेतापेशी भरल्या सुमारे ८६ अब्ज आणि बाकीच्या सगळ्या मिळून जवळपास तेवढ्याच. या बाकीच्यांत मुख्य प्रकार तीन. ताऱ्यासारख्या फुटव्यांच्या ॲस्ट्रोसाइट, चेतातंतूंवर मायलिनचे आवरण चढवणाऱ्या ऑलिगोडेंड्रोसाइट आणि मेंदूची राखण करणाऱ्या इवल्याशा मायक्रोग्लिया. शेवटच्या दोन्हींची ओळख स्पेनच्या पिओ देल रिओ-ओर्तेगा यांनी १९१९ च्या सुमारास पटवली.

लकव्यात सर्वांत आधी हालचाल होते ती मायक्रोग्लियांत. या पेशी एरवी निवांत असतात असे मानले जाई. २००५ साली दोन वेगवेगळ्या गटांनी जिवंत उंदराच्या मेंदूत सूक्ष्मदर्शकाने डोकावून पाहिले, तेव्हा त्या क्षणभरही स्वस्थ नसल्याचे दिसले. आपले बारीक फुटवे सारखे हलवत त्या आजूबाजूचा भाग चाचपत असतात. लेसरने एक छोटी जखम केली की काही मिनिटांत चारही बाजूंचे फुटवे तिकडे वळतात आणि जखमेला वेढा घालतात. मरणाऱ्या पेशींतून एटीपी नावाचा रेणू बाहेर सांडतो, त्याचा माग काढत त्या येतात. लकव्यातही हेच होते, फक्त जखम हजारो पटींनी मोठी असते.

ॲस्ट्रोसाइटची गोष्ट वेगळी. त्यांच्यात ग्लायकोजेनचा थोडा साठा असतो आणि प्राणवायूशिवायही काही काळ तग धरण्याची ताकद असते. म्हणून मेलेल्या भागाच्या कडेला, जिथे रक्त पूर्ण थांबलेले नसते, तिथे चेतापेशी गप्प झाल्या तरी ॲस्ट्रोसाइट काम चालू ठेवतात. हे काम मुख्यतः साफसफाईचे. मरणाऱ्या चेतापेशींतून ग्लूटामेट बेसुमार बाहेर पडते आणि ते शेजारच्या धडधाकट चेतापेशींना विषासारखे मारते. ॲस्ट्रोसाइट ते शोषून घेतात. २०१६ मध्ये ‘नेचर’ने छापलेल्या उंदरांवरच्या एका प्रयोगात तर त्या आपले मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारे घटक, आजारी चेतापेशींना देऊ करताना आढळल्या. अडलेल्या शेजाऱ्याला आपल्या घरातली चूल उचलून देण्याइतकी ही मदत मोठी आहे.

पण याच पेशी फुगतात. त्यांच्या पायांपाशी, रक्तवाहिन्यांना लागून, पाणी आत-बाहेर सोडणारी ॲक्वापोरिन-४ नावाची दारे असतात. ऊर्जा संपली की क्षार आत शिरतात आणि त्यांच्यामागोमाग पाणी. ही दारे नसलेले उंदीर २००० साली तपासले गेले, तेव्हा लकव्यानंतर त्यांच्या मेंदूला सूज कमी आली. २०२० मध्ये आणखी एक गोष्ट कळली. पहिल्या काही मिनिटांतले पाणी रक्तातून येतच नाही, ते मेंदूभोवतीच्या द्रवातून वाहिन्यांच्या कडेने आत घुसते. मोठ्या लकव्यात ही सूज तिसऱ्या ते पाचव्या दिवशी कळस गाठते. ‘आणला तेव्हा बोलत होता, तिसऱ्या दिवशी बेशुद्ध झाला’ हे नातेवाईक नेहमी सांगतात, आणि पुष्कळदा त्याचा दोष सलाइनला किंवा इंजेक्शनला देतात. कवटी हाडाची, तिला ताणायला वाव नाही. आत सूज वाढली की मेंदूचा धडधाकट भागही दाबला जातो. निवडक रुग्णांत कवटीचा तुकडा काही महिन्यांसाठी काढून ठेवतात, तो ही सूज सामावून घेण्यासाठी.

याच दिवसांत मायक्रोग्लिया आपला आकार बदलतात. फुटवे आखडून त्या गोलसर होतात, मेलेल्या पेशी गिळू लागतात आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशींनाही बोलावून घेतात. इथे शास्त्रज्ञांची पंचाईत होते. या पेशी जिवावर बेतलेल्या, पण अजून जिवंत असलेल्या चेतापेशीही गिळतात. २०१३ मधल्या एका प्रयोगात त्यांचे हे गिळणे रोखल्यावर उंदरांची हालचाल कमी बिघडली. मग त्या सरसकट काढूनच टाकल्या तर? तेही २०१६ मध्ये करून पाहिले गेले. मायक्रोग्लिया नसलेल्या उंदरांत मेंदूचा मेलेला भाग सुमारे ६० टक्क्यांनी मोठा निघाला. म्हणजे काढल्या तर नुकसान, मोकळ्या सोडल्या तरी नुकसान. त्यांना चांगल्या आणि वाईट अशा दोन कप्प्यांत घालण्याची पद्धत काही वर्षे चालली, आता ती मागे पडते आहे. एकाच पेशीचे पहिल्या दिवशीचे काम आणि दहाव्या दिवशीचे काम वेगळे असते, आणि औषध शोधणाऱ्यांना सगळ्यांत जड जाते ते हेच वेळापत्रक.

पहिला आठवडा सरता सरता ॲस्ट्रोसाइट मेलेल्या भागाभोवती दाटीने उभ्या राहतात. त्यांच्यात जीफॅप नावाचे तंतुमय प्रथिन भराभर तयार होते. लॉरेन्स एंग यांनी १९७१ साली मेंदूच्या वेगळ्याच एका आजाराच्या जुन्या व्रणांतून हे प्रथिन वेगळे काढले होते. ही दाटी म्हणजे ग्लियाचा व्रण. दाह आणि पडझड त्याच्या आतच अडून राहतात, बाहेरचा मेंदू वाचतो. मात्र या भिंतीमुळे नवे चेतातंतू वाढू शकत नाहीत, असे दशकानुदशके शिकवले गेले. २०१६ साली मायकेल सोफ्रोनिव्ह यांच्या गटाने उंदरांच्या मणक्यातल्या मज्जारज्जूवर हे तपासले. व्रण होऊ दिला नाही, तर तंतूंची वाढ सुधारली नाहीच, उलट बिघडली. मज्जारज्जूवरचा निष्कर्ष मेंदूला तसाच लागू होईल असे नाही, तरीही व्रणाला खलनायक ठरवण्याची घाई नडली, एवढे म्हणता येते.

ऑलिगोडेंड्रोसाइटबद्दल कमी बोलले जाते, आणि पूर्व विदर्भात तरी ते बरोबर नाही. मायलिन बनवणाऱ्या या पेशी प्राणवायूच्या तुटवड्याला फार नाजूक असतात. मेंदूच्या आतल्या पांढऱ्या भागात त्यांची दाटी असते, आणि हाच भाग छोट्या वाहिन्या बंद पडल्याने झिजतो. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, नागपूर या पट्ट्यात सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत. नागपूरच्या शुक्ला आणि सोलंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद ‘लॅन्सेट’मध्ये १९५८ सालीच केली होती. विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशींमुळे लहान मुलांनाही लकवा येतो, हे अनेक पालकांना ठाऊक नसते. त्याहून कपटी असतो तो मूक लकवा. हात-पाय चालू राहतात, एमआरआयमध्ये मात्र पांढऱ्या भागात डाग दिसतात, आणि मूल शाळेत मागे पडू लागते. पाश्चात्त्य देशांतल्या पाहण्यांत सिकलसेलच्या गंभीर प्रकारातल्या एक तृतीयांशाहून अधिक मुलांत चौदाव्या वर्षापर्यंत असे डाग आढळले. अमेरिकेत १९९८ च्या एका चाचणीत, डोक्याच्या डॉपलर तपासणीत धोका दिसलेल्या मुलांना नियमित रक्त दिल्यावर पहिल्या लकव्याचा धोका ९० टक्क्यांहून अधिक घटला. ‘मास्तर म्हणतात लक्ष नाही’ या तक्रारीमागे कधीकधी ऑलिगोडेंड्रोसाइट मेल्याची गोष्ट असू शकते. सिकलसेलचे कार्ड हाती असलेल्या पालकांनी डॉक्टरांकडे ही शंका काढायला हरकत नाही.

भंडाऱ्यासारख्या जिल्ह्याला ग्लियांचा सगळ्यांत थेट उपयोग कदाचित त्याच जीफॅपमुळे होईल. गुठळी आणि रक्तस्राव बाहेरून सारखेच दिसतात. तोंड वाकडे होणे, हात पडणे, बोलणे बोबडे होणे, यांवरून डॉक्टरही खात्रीने फरक सांगू शकत नाहीत. सीटी स्कॅन लागतोच, कारण गुठळीचे औषध रक्तस्रावात दिले तर माणूस जाईल. आता पेशींच्या पातळीवर पाहा. रक्तस्रावात रक्ताचा लोंढा ॲस्ट्रोसाइट क्षणात फाडतो, आणि त्यांच्यातले जीफॅप तासाभरात रक्तात उतरते. गुठळीत त्या हळूहळू मरतात, म्हणून जीफॅप चढायला दोन-चार दिवस लागतात. जर्मनीतले ख्रिस्तियान फोर्श आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली २०५ रुग्णांत, लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत घेतलेल्या रक्तात हे मोजले. रक्तस्राव झालेल्यांपैकी ८४ टक्के या तपासणीत सापडले, आणि तो न झालेल्यांपैकी ९६ टक्क्यांना तिने बरोबर वगळले.

हा फरक गाडीतच कळला तर काय होईल, याचे उत्तर चीनमधल्या एका मोठ्या चाचणीने २०२४ साली अप्रत्यक्षपणे दिले. लकव्याच्या २,४०४ रुग्णांपैकी निम्म्यांचा रक्तदाब रुग्णवाहिकेतच औषधाने खाली आणला गेला. एकूण फायदा शून्य. मग प्रकार वेगळे करून पाहिले, तर रक्तस्रावाच्या रुग्णांना त्याचा लाभ झाला होता आणि गुठळीच्या रुग्णांचे नुकसान. एकच औषध, एकाला तारणारे, दुसऱ्याला मारक. डोक्याला मार लागलेल्यांसाठी जीफॅप मोजणारे, तळहातावर मावणाऱ्या यंत्रावरचे चाचणी-संच अमेरिकेत मंजूर झाले आहेत. लकव्यासाठी असे यंत्र १०८ च्या गाडीत नाही. भंडाऱ्याला ऑक्टोबर २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्याने पुढे संशोधनाचा विषय निवडायचा झाला, तर याहून जवळचा विषय मिळणे कठीण.

आता राहिले महिने. ज्यांच्या घरी खाटेवर माणूस आहे, त्यांना तासांच्या चर्चेशी काही देणे-घेणे नसते.

मेलेल्या चेतापेशी परत येत नाहीत. सुधारणा होते ती शेजारच्या जिवंत चेतापेशींनी नवे जोड बांधल्यामुळे, आणि हे जोड बांधायला ॲस्ट्रोसाइटने सोडलेली प्रथिने लागतात. थ्रोम्बोस्पॉन्डिन हे त्यांतले एक. ते नसलेल्या उंदरांची लकव्यानंतरची सुधारणा अपुरी राहिली. मायक्रोग्लिया निकामी जोड छाटतात, नव्या ऑलिगोडेंड्रोसाइट तयार होऊन मायलिन पुन्हा चढवण्याचा प्रयत्न करतात. ही सगळी डागडुजी कायम चालत नाही. अमेरिकेत ७२ रुग्णांवर केलेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत नेहमीच्या व्यायामाखेरीज हाताचा वीस तासांचा जादा सराव वेगवेगळ्या टप्प्यांवर दिला. सर्वांत जास्त फायदा झाला तो लकव्यानंतर दोन ते तीन महिन्यांनी सराव केलेल्यांना. सहा महिन्यांनंतर त्याचा खास परिणाम दिसला नाही.

म्हणून ‘आधी अंगात ताकद येऊ द्या, रोवणी आटोपली की मग फिजिओथेरपी पाहू’ हा विचार महागात पडतो. उलट टोकाची घाईही बरी नाही. २०१५ च्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत पहिल्या २४ तासांतच रुग्णाला वारंवार उभे करून चालवल्याने निकाल थोडे वाईटच आले. आणि घरच्यांना शिकवून भागेल, ही आशाही तपासून झाली आहे. भारतातल्या १४ रुग्णालयांत १,२५० रुग्णांवर झालेल्या चाचणीचा निकाल २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापला. नातेवाइकांना व्यायाम शिकवून घरी पाठवल्याने मृत्यू किंवा परावलंबन कमी झाले नाही. घरच्यांच्या कष्टांना त्यामुळे कमीपणा येत नाही. पण त्या कष्टांच्या भरवशावर सरकारने फिजिओथेरपिस्टची जागा रिकामी ठेवू नये, हे त्यातून स्पष्ट होते. तालुक्याच्या ठिकाणी आठवड्यातून दोन दिवस जरी प्रशिक्षित माणूस बसला आणि पहिले तीन महिने रुग्ण त्याच्यापर्यंत पोहोचला, तरी गडचिरोलीच्या त्या दुसऱ्या आकड्यावर, महिनाभर जगून मग गेलेल्यांच्या आकड्यावर, फरक पडू शकेल. आज कोणत्याही ग्लिया-औषधापेक्षा ही गोष्ट हाताशी आहे.

रक्तदाबाची गोळी ‘आता बरं वाटतं’ म्हणून सोडू नका, खर्रा सोडा, आणि घरात कुणाचे तोंड वाकडे झाले, हात पडला किंवा बोलणे अडखळले, तर मालिशवाल्याकडे न जाता १०८ ला फोन करा. तोंडाने पाणी, दूध, औषध काही पाजू नका. आणि तो माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला होता, ती वेळ एका कागदावर लिहून गाडीत सोबत द्या. दवाखान्यात पहिला प्रश्न तोच विचारतात.